मिरचीच्या पोत्यातून जाणारा तरंग

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात आसपासच्या खेड्यांतून हिरवी मिरची येथे येते, तिचा सौदा होतो आणि ट्रक भरभरून ती परप्रांतांत रवाना होते. जी मिरची झाडावरच पिकून लाल होते ती वाळवली जाते आणि कांडपातून निघाली म्हणजे तिचे तिखट होते. इथपर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहे.

परंतु मिरची वाळते ती उघड्यावर. धूळ, पाखरे, मध्येच येणारी पावसाची सर यांच्यामुळे तिच्यात जीवाणू आणि बुरशी यांचा शिरकाव होतो. घरी आपण तिखट फोडणीत घालतो, तेव्हा त्यांतले बरेचसे मरतात. परदेशी जाणाऱ्या मालाची मात्र कसून तपासणी होते. मसाल्यांतील जंतू मारण्यासाठी एथिलीन ऑक्साइड नावाचा वायू वापरण्याची पद्धत होती व काही देशांत ती अजूनही आहे. पण त्या वायूचा अंश मागे राहतो आणि तो आरोग्याला घातक असल्यामुळे युरोपीय संघात अन्नासाठी त्याला बंदी आहे. २०२४ साली हाँगकाँग आणि सिंगापूर येथे भारतीय मसाल्यांच्या काही नमुन्यांत हा वायू आढळल्याची बातमी तुम्ही वाचली असेल.

दुसरा एक मार्ग आहे, तो म्हणजे गॅमा किरणांचा. भारतात १९९४ साली कांदे, बटाटे आणि मसाले यांना अशी किरणे देण्यास परवानगी मिळाली. नवी मुंबईत वाशी येथे २००० सालापासून मसाल्यांना गॅमा किरणे देणारे केंद्र चालू आहे, तर नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या बाजारासाठी गाजलेल्या लासलगावी २००२ साली ‘कृषक’ हे केंद्र सुरू झाले. लासलगावातून किरणे दिलेला आंबा २००७ साली अमेरिकेलाही गेला. या सर्व ठिकाणी किरणांचा उगम एकच असतो: कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू.

आता असे समजा, की पिंपळगावच्या शाळेत मराठीतून शिकलेली एक मुलगी जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि आजोबांनी तिला विचारले, “काय गं, अणूच्या किरणात ठेवलेली मिरची खाल्ली तर ती किरणं आपल्या पोटात जात नाहीत का?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर तिच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण ते एका पानावर नाही. निम्मे उत्तर पुस्तकाच्या सुरुवातीला, कंपने आणि तरंगांच्या प्रकरणात आहे, आणि उरलेले निम्मे पार शेवटी, अणुकेंद्राच्या प्रकरणात.

या दोन प्रकरणांच्या मधे बहुधा दोन-तीन महिने जातात. पहिल्याची चाचणी परीक्षा होऊन गेलेली असते. संभाव्य प्रश्नांची यादी पाठ करण्याची सवय ज्यांना असते त्यांना तर ही दोन वेगळीच शास्त्रे वाटतात. त्यातून एक गंमत अशी, की ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर तरंगांच्या प्रकरणात तरंगलांबीसाठी वापरतात आणि अणुकेंद्राच्या प्रकरणात तेच अक्षर ऱ्हासाच्या स्थिरांकासाठी येते! एक लांबी आहे, दुसरा दर सेकंदाचा हिशेब आहे. नुसते सूत्र पाठ करणाराची येथे हमखास फसगत होते. म्हणून आपण ही दोन्ही प्रकरणे आज एकत्र वाचू. दहावीचे गणित येत असले तरी पुरेल.

दोराचा हिशेब

सात-आठ हात लांबीचा दोर घ्या. त्याचे एक टोक निंबाच्या झाडाला बांधा, दुसरे हातात धरून एक झटका द्या. दोरावर एक उंचवटा उठेल, झाडापर्यंत जाईल आणि उलटा होऊन परत येईल. दोराला मधोमध एक चिंधी बांधून ठेवलीत तर तुम्हाला दिसेल, की चिंधी जागच्या जागी वरखाली होते. झाडाकडे जात नाही. पुढे जाते ती हालचाल, म्हणजेच ऊर्जा. दोर आपल्या ठिकाणीच राहतो. तरंग म्हणतात तो हाच.

आता हात सारखा वरखाली करीत राहा. दर सेकंदाला जितकी कंपने होतात ती कंप्रता. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर ती तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार केला की तरंगाचा वेग मिळतो. हे सूत्र तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे त्यावर अधिक वेळ घालवीत नाही.

खरी मौज पुढे आहे. हात हलवण्याची गती हळूहळू वाढवीत न्या. एका विशिष्ट गतीला सबंध दोर एकाच मोठ्या फुगवट्याने डोलू लागेल. गती आणखी वाढवा. मधे सगळा गोंधळ होईल, दोर वेडावाकडा हलेल. पण पहिल्या गतीच्या दुप्पट झाली की एकदम दोन फुगवटे सुबकपणे उभे राहतील आणि मधला बिंदू जवळजवळ स्थिर दिसेल. तिप्पट गतीला तीन फुगवटे. अडीच फुगवटे मात्र कधीच उभे राहत नाहीत, कारण दोराची दोन्ही टोके बांधलेली आहेत आणि टोकाशी दोराला हलायला वाव नाही. यालाच स्थिर तरंग म्हणतात. (आपल्या हातातले टोक थोडे हलते, परंतु ते फुगवट्याच्या मानाने फार थोडे, म्हणून ते बांधलेलेच समजावयाचे.)

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बंदिस्त जागेतल्या तरंगाला हवी ती कंप्रता घेता येत नाही. ठरावीकच घेता येतात, पायऱ्या-पायऱ्यांनी. दुसरी, दोर आखूड केला की याच पायऱ्या उंच होतात. तुणतुण्याची तार दाबून आखूड केली की स्वर चढतो, तो याच कारणाने.

तरंगाच्या प्रकरणात लहान मुलांनाही जमेल असा हा प्रयोग आहे. तरीही विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राची गुरुकिल्ली त्यातच आहे असे मला वाटते. कशी ते पाहा.

दोर आखूड करीत अणुकेंद्रापर्यंत

१९२४ साली लुई द ब्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने (आपल्या वर्गांत हे नाव ‘डी ब्रॉग्ली’ असे ऐकू येते) असे मांडले, की इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगलांबी असते. तीनच वर्षांनी, १९२७ साली, स्फटिकावर इलेक्ट्रॉन आदळवून ते खरे असल्याचे दिसून आले. मग बंदिस्त जागेतल्या इलेक्ट्रॉनलाही दोराचाच नियम लागू झाला पाहिजे. तोसुद्धा अडीच फुगवट्यांत राहू शकणार नाही; त्याच्या ऊर्जेच्याही पायऱ्या असणार.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘पेटीत कोंडलेला कण’ नावाचे एक गणित असते. ते याच दोराचे गणित आहे. त्याचा निष्कर्ष असा, की सर्वांत खालच्या पायरीची ऊर्जा पेटीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि कणाच्या वस्तुमानाच्याही व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे पेटी निम्मी केली तर ऊर्जा चौपट. कण दुप्पट जड घेतला तर ऊर्जा निम्मी.

आकडे घालून पाहू. त्यासाठी ऊर्जेचे एक लहान माप हवे. एक व्होल्टच्या विद्युतदाबातून जाताना इलेक्ट्रॉनला जितकी ऊर्जा मिळते तिला इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात. बॅटरीचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे तो एका इलेक्ट्रॉनला दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतो.

अणूचा आकार सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाएवढा असतो. एवढ्या पेटीत इलेक्ट्रॉन कोंडला तर खालच्या पायरीची ऊर्जा येते सुमारे ३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आता पेटी दहा हजार पटींनी लहान करा. एवढे लहान असते अणुकेंद्र. ऊर्जा दहा हजारांच्या वर्गाइतकी, म्हणजे दहा कोटी पटींनी वाढेल. पण तेथे इलेक्ट्रॉन नसतो, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात आणि ते इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पटींनी जड असतात. म्हणून १८३६ ने भागा. उत्तर येते सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

येथे क्षणभर थांबा. लाकूड जळणे, बॅटरी चालणे, मिरची तिखट लागणे हे सारे व्यवहार अणूच्या बाहेरच्या भागात होतात आणि ते काही थोड्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असतात. अणुकेंद्रातले व्यवहार मात्र लक्षावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असतात. हा फरक कोठून आला, असे विचारले तर पुष्कळ विद्यार्थी ‘अणुशक्ती फार मोठी असते’ एवढेच सांगून मोकळे होतात. ते काही उत्तर नव्हे. उत्तराचा मोठा भाग असा आहे, की दोर दहा हजार पटींनी आखूड झाला. अर्थात हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्ष अणुकेंद्राच्या भिंती पेटीसारख्या ताठ नसतात आणि आत कण एकमेकांना ओढतही असतात. तरी अंदाज किती जवळ येतो ते आता पाहू.

कोबाल्टची गोष्ट

निसर्गात सापडणाऱ्या कोबाल्टच्या अणुकेंद्रात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात, बेरीज ५९. हा कोबाल्ट अगदी साधा धातू आहे, त्यातून काही बाहेर पडत नाही. त्याच्या कांड्या अणुभट्टीत ठेवल्या म्हणजे काही अणुकेंद्रे एकेक न्यूट्रॉन गिळतात आणि कोबाल्ट-६० तयार होतो. आपल्या देशात राजस्थानातील रावतभाटा येथील अणुभट्ट्यांत असा कोबाल्ट करण्यात आला आहे.

हा वाढीव न्यूट्रॉन कोबाल्टला पचत नाही. केव्हातरी त्याच्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन (जोडीला एक अतिसूक्ष्म कण) बाहेर फेकला जातो. आता प्रोटॉन झाले २८; म्हणजे तो कोबाल्ट राहिलाच नाही, निकेल झाला! पण हे नवे निकेल वरच्या पायरीवर जन्मते. तेथून ते दोन उड्यांत खाली उतरते आणि प्रत्येक उडीला एकेक गॅमा किरण सोडते. पहिल्याची ऊर्जा ११.७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसऱ्याची १३.३ लाख. म्हणजे ज्यांना आपण कोबाल्टचे किरण म्हणतो ते वस्तुतः निकेलच्या अणुकेंद्रातून येतात. आपला अंदाज होता २० लाखांचा. दोरावरून काढलेल्या हिशेबाला हे काही वाईट नाही.

ऊर्जा प्रत्येक वेळी नेमकी तीच का? बारा लाख का नाही, साडेबारा लाख का नाही? कारण पायऱ्या ठरलेल्या आहेत. अडीच फुगवटे उभे राहत नाहीत, तसेच हे.

गॅमा किरण हा मुळात कोण? १९०० साली पॅरिसमध्ये पोल व्हिलार्ड याने रेडियममधून येणाऱ्या या किरणांची नोंद केली, परंतु ते कण आहेत की तरंग याबद्दल पुढे बरीच वर्षे वाद होता. १९१४ साली रदरफर्ड आणि अँड्रेड यांनी हे किरण स्फटिकावर पाडून त्यांचे विवर्तन दाखवले व तरंगलांबी मोजली. विवर्तन हा तरंगाचा गुण. तेव्हा गॅमा किरण हा प्रकाशाचाच भाऊबंद, विद्युतचुंबकीय तरंग ठरला. फरक एवढाच, की त्याचा जन्म अणुकेंद्रात होतो. पुस्तकाचे पहिले प्रकरण आणि शेवटचे प्रकरण यांची गाठ पडते ती येथे.

या भाऊबंदांची ऊर्जा काढण्याची एक सोपी रीत सांगतो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या शंभर कोटीव्या भागात) घ्या. १२४० ला तिने भागा. ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, म्हणून ऊर्जा सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एफ. एम. रेडिओच्या १०० मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी ३ मीटर; त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वीस लाखाव्या भागाहूनही कमी. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या चक्क तारेच्या जाळीच्या आहेत. आकाशातून येणारे रेडिओ तरंग २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. त्या तरंगांना जाळी म्हणजे पत्राच. उलट निकेलच्या गॅमा किरणाची तरंगलांबी ०.०००९३ नॅनोमीटर, अणूच्या आकाराच्या शंभराव्या भागाएवढी. मात्र जाळीची उपमा येथे ओढूनताणून लावू नका. गॅमा किरण पोत्यातून जातो तो अणूंच्या मधल्या फटी शोधीत नव्हे. तो वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना केव्हातरी धडकतो, आणि ती धडक क्वचितच होते, म्हणून तो दूरवर जातो.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

गॅमा किरणाची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. मसाल्यांना सुमारे १०,००० ग्रे देतात. आकडा मोठा वाटतो. पण दहा हजार जूलने एक किलो पाणी फक्त २.४ अंशांनी तापेल! मग जंतू मरतात कसे? माणसाचे उदाहरण तर याहून चमत्कारिक आहे. सर्व अंगावर ४-५ ग्रे पडले तर जीव जाऊ शकतो, आणि तेवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वाढते. चहाच्या एका घोटाने त्यापेक्षा जास्त ऊब येते.

तेव्हा मारणारी गोष्ट उष्णता नव्हे. ऊर्जा एकूण किती आली यापेक्षा ती एका-एका दाण्यात किती आली याला महत्त्व आहे. झाडावर वीस हात उंच कैरी आहे आणि तुमचा दगड दहा हातच जातो. असे शंभर दगड मारले म्हणून कैरी पडेल काय? पडणार नाही. वीस हात जाणारा एक दगड पुरे. कार्बनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला साधारण साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. रेडिओच्या तरंगाचा दाणा तेथवर पोचण्याची गोष्टच नको. गॅमा किरणाचा एकेक दाणा मात्र लक्षावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. त्याने उडवलेला एक इलेक्ट्रॉन वाटेत हजारो बंध तोडीत जातो. पेशीतला डीएनएचा लांबलचक रेणू असा जागोजाग तुटला की जंतूची वाढ थांबते. कांद्याच्या कोंबातल्या, सतत विभागणाऱ्या पेशींना तर शंभर ग्रेहूनही कमी मात्रा पुरते. म्हणून कांदा कांदाच राहतो, पण त्याला मोड येत नाही. (पिंपळगावच्या बाजारातल्या ताज्या हिरव्या मिरचीला दहा हजार ग्रे सोसणार नाहीत, ती मऊ पडेल. ही मात्रा वाळलेल्या मालासाठी.)

आता मूळ शंका. मिरची स्वतः किरणोत्सारी होईल का? त्यासाठी तिच्या अणुकेंद्रांत बदल व्हायला हवा. निदान एखादा न्यूट्रॉन तरी उपटला गेला पाहिजे. येथेही कैरीचा नियम आहे. सर्व स्थिर अणुकेंद्रांत सर्वांत सैल न्यूट्रॉन बेरिलियमचा, आणि तो उपटायलाही १६.७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. मिरचीत असतो तो कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांना सामान्यतः याच्या कित्येक पट. आपल्या गॅमा किरणाची उडी १३.३ लाखांवरच संपते. म्हणजे रासायनिक बंधांपुढे तो राक्षस आहे आणि अणुकेंद्रापुढे अगदी दुबळा. आणि किरण स्वतः मिरचीत साठून राहत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश शिल्लक राहत नाही तसेच हे. कोबाल्ट तर पोलादी नळीत बंद असतो, तो मिरचीला शिवतही नाही. तेव्हा आजोबांना सांगावे, की किरणे पोटात जात नाहीत.

मात्र एवढ्यावरून हे किरण सर्वगुणी आहेत असेही सांगू नये. बंध तुटले की थोडे रासायनिक बदल होतातच. ते अपायकारक नाहीत ना, याची तपासणी होऊन १९८० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १०,००० ग्रेपर्यंतची सरासरी मात्रा निर्धोक ठरवली. शिवाय बुरशीने आधीच मिरचीत सोडलेले अफ्लाटॉक्सिनसारखे विष या मात्रेने नाहीसे होत नाही, की फवारलेले कीटकनाशकही जात नाही. बुरशी मेली, तिचे विष राहिले, तर खाणाऱ्याला काय उपयोग? म्हणून मिरची नीट वाळवणे हे काम शेतकऱ्याचेच राहते.

चिंचोक्यांचे घड्याळ

कोबाल्टचे अणुकेंद्र ‘केव्हातरी’ फुटते असे वर म्हटले. केव्हा? हे कोणालाही सांगता येत नाही. मिरची जसजशी जुनी होते तसतशी ती कुजण्याची शक्यता वाढते. अणुकेंद्र मात्र म्हातारे होत नाही. दहा वर्षे टिकलेले आणि कालच जन्मलेले, दोघांनाही उद्या फुटण्याची शक्यता सारखीच.

याचा खेळ घरी करून पाहा. पन्नास चिंचोके मधोमध फोडा. शंभर डाळ्या होतील, एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरी. सोंगट्यांच्या खेळात फाशाऐवजी वापरतात त्याच. सगळ्या एकदम टाका आणि ज्या पांढऱ्या पडतील त्या बाजूला काढा. उरलेल्या मोजून पुन्हा टाका. साधारणतः ५०, २५, १२ असे आकडे येत जातील. नेमके पन्नास येणार नाहीत. ४४ किंवा ५७ सुद्धा येतील. (तुमच्या चिंचोक्यांचा कल एका बाजूला असेल तर निम्म्याऐवजी दुसरे प्रमाण येईल, पण दर खेपेला तेच येईल.) एका ग्रॅम कोबाल्ट-६० मध्ये मात्र एकावर बावीस शून्ये इतकी अणुकेंद्रे असतात आणि दर सेकंदाला त्यांतली सुमारे ४२ लाख कोटी फुटतात. एवढ्या गर्दीत नशिबाचा चढउतार बुडून जातो आणि हिशेब घड्याळासारखा नेमका चालतो. कोणते फुटेल ते सांगता येत नाही. किती फुटतील ते चोख सांगता येते. ५.२७ वर्षांत निम्मे. हे कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य.

याचा अर्थ असा, की दर वर्षी कोबाल्टचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. आज एका खोक्याला ठरलेली मात्रा मिळायला ६० मिनिटे लागत असतील तर वर्षानंतर ६८ लागतील. ज्या अभियंत्याकडे केंद्राचा पट्टा चालवण्याचे काम आहे त्याने हे विसरून जुन्याच वेगाने पट्टा चालवला, तर खोके कमी मात्रा घेऊन बाहेर पडेल, वर शिक्का मात्र पुऱ्या मात्रेचा असेल, आणि आतले जंतू जिवंत असतील. म्हणून पट्टा हळू करीत जावे लागते आणि अधूनमधून नवा कोबाल्ट भरावा लागतो.

हेच निम्म्याचे गणित भिंतीलाही लागू पडते. तेथे काळाच्या जागी जाडी घाला. सुमारे ६ सेंटिमीटर काँक्रीटमधून गॅमा किरण निम्मे पार होतात, १२ मधून पाव, १८ मधून दोन आणे. दहा वेळा निम्मे केले की हजारावा भाग, वीस वेळा केले की दहा लाखावा. १८० सेंटिमीटरची भिंत म्हणजे तीस वेळा निम्मे: शंभर कोटी किरणांतला एखादाच पलीकडे. काम नसते तेव्हा बहुतेक केंद्रांत कोबाल्ट खोल पाण्याच्या हौदात उतरवून ठेवतात. पाण्याचे ११ सेंटिमीटर म्हणजे एक ‘निम्मे’. हौदात डोकावणाऱ्याला कोबाल्टभोवती सुंदर निळी प्रभा दिसते. गॅमा किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशापेक्षाही वेगाने धावतात आणि नावेच्या मागे जशी लाट उठते तशी प्रकाशाची लाट उठवतात. अणुकेंद्राच्या प्रकरणात पुन्हा तरंग आलाच!

मिरची पुडीच्या पोत्यांत हे निम्म्याचे अंतर हिशेबाने २५-३० सेंटिमीटर येते. म्हणजे साठ सेंटिमीटर रुंदीचे खोके एकाच बाजूने धरले तर मागच्या बाजूला पुढच्याच्या पाव मात्रा मिळेल. म्हणून खोकी दोन्ही बाजूंनी कोबाल्टसमोरून नेतात.

आता एक गणित तुमच्यासाठी. वरच्या केंद्रात आज एका खोक्याला ६० मिनिटे लागतात आणि नवा कोबाल्ट भरायचा नाही असे ठरले. तेवढ्याच मात्रेला पुरे आठ तास लागू लागतील, अशी वेळ किती वर्षांनी येईल? लॉगॅरिथमच्या कोष्टकाची गरज नाही. चिंचोके किती वेळा टाकावे लागतील तेवढे मोजा.